तिघांची एकच चूक

१

मास्तर जिन्यावरून पडून गेले, हे खात्यातल्या सगळ्यांनी इतक्या झटपट मान्य केलं की बाईंना तिथेच शंका आली. रेल्वेच्या अपघातांची चौकशी करण्यात त्यांची हयात गेली होती. एखाद्या गोष्टीवर माणसांचं असं चटकन एकमत झालं की ती सहसा कुणीच पाहिलेली नसते, हा त्यांचा अनुभव होता.

बातमी घेऊन त्यांचे धाकटे दीर सकाळीच दारात आले. ते गुप्तवार्ता खात्याचे प्रमुख. एरवी कडक इस्त्रीतला माणूस, पण आज दाढीही केलेली नव्हती.

"वहिनी, मास्तर गेले. काल खात्याच्या जिन्यावरून पडले. आणि त्यांचं काम आता तुम्हाला करायचंय."

मास्तर पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. पुढे खात्यात आले आणि हेरांनी आणलेली खबर खरी की खोटी, ते पारखायचं काम त्यांच्याकडे आलं. आता सगळा देश एकाच खबरीवर उभा होता. शेजारच्या देशानं सरहद्दीजवळच्या सिमेंट कारखान्याखाली विषारी वायू बनवायला घेतला आहे, अशी ती खबर होती. तिकडून पळून आलेल्या तिघांनी ते डोळ्यांनी पाहिल्याची साक्ष दिली होती. परवा सभागृहात युद्धाचं मतदान व्हायचं होतं, आणि त्याआधी कुणीतरी तटस्थ माणसानं लिहून द्यायला हवं होतं की तिन्ही साक्षी स्वतंत्र आहेत, खऱ्या आहेत.

"मीच कशाला?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या चौकशीच्या अहवालावर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही. रेल्वेत तुम्हाला चौकशीबाई म्हणत, ते काय उगाच?" भावजींनी आवाज खाली आणला. "आणि आपला बाब्या तिथे चौकीवर आहे. कारखान्याच्या अगदी समोर. तो वायू सुटला तर सगळ्यात आधी त्याच्या नाकात जाईल."

बाब्या म्हणजे भावजींचा एकुलता एक मुलगा. बाईंना मूलबाळ नव्हतं. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या बाब्यानं या काकूच्याच घरी उड्या मारत काढल्या होत्या. बाई आणखी काही न विचारता चपला घालून निघाल्या.

गाडीत भावजींनी साक्षींची पाकिटं त्यांच्या मांडीवर ठेवली. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना बोली जवळपास एकच, लिपी मात्र वेगळी. म्हणून प्रत्येक साक्ष दोन्ही लिप्यांत लिहिलेली होती.

"वरची ती अक्षरं सोडून द्या," भावजी म्हणाले. "मला तर मुंग्यांची रांग वाटते. जन्म गेला या खात्यात, पण त्यातलं एक अक्षर ओळखेन तर शपथ."

खात्याची इमारत जुनी होती आणि तिला लिफ्ट नव्हती. जिना मधोमध मोकळी जागा सोडून वर गेला होता. तळाची फरशी नुकतीच धुतली होती, अजून ओली होती. बाईंनी मान वर करून पाहिलं. कठडा चांगला छातीइतका उंच होता. ज्या मास्तरांना फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहायला स्टूल लागायचं, ते या कठड्यावरून खाली पडले होते.

२

साक्षीदारांना तळमजल्यावर वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं होतं. बाईंनी एकेकाला भेटायचं ठरवलं.

पहिला ट्रकवाला. आडदांड गडी, पण नखं कुरतडून बोटं लाल झालेली. "सिमेंट भरायला गेलो होतो. पाण्याच्या टाकीखाली लोखंडी शटर आहे. ते उघडं राहिलं होतं. आत पायऱ्या, खाली मुखवटे घातलेली माणसं."

"आपण फाटकातून आत शिरलो," बाई म्हणाल्या, "की टाकी कुठल्या हाताला येते?"

"उजव्या. आणि चिमणी डाव्या."

दुसरा स्वयंपाकी. त्यानं मुखवटे पाहिले नव्हते, पण वास घेतला होता. कुजलेल्या गवतासारखा. रात्रपाळीची जेवणं तो त्या पायऱ्यांवरून खाली पोचवायचा. तिसरा वायरमन. त्याला वासाचं काही आठवत नव्हतं, पण मनगटाएवढ्या जाड केबली आठवत होत्या. तिघांचं बोलणं वेगळं, तपशील वेगळे. पढवलेले पोपट असे बोलत नाहीत. बाईंचं मन हळूहळू विश्वास ठेवायला लागलं.

पण एक खडा दाताखाली येत राहिला. स्वयंपाकी म्हणाला, चिमणी डावीकडे. वायरमनही म्हणाला, डावीकडे.

त्या कारखान्याच्या आवारात बाई स्वतः उभ्या राहिलेल्या होत्या. दोन्ही देशांच्या गाड्या एकमेकांकडे जात होत्या त्या काळात, तिथल्या साईडिंगवर, म्हणजे कारखान्यात जाणाऱ्या जोडरुळांवर, मालगाडीचे डबे घसरले होते आणि संयुक्त चौकशीसाठी त्यांना पाठवलं होतं. सकाळच्या वेळी त्या फाटकातून उत्तरेकडे चालत गेल्या होत्या. चिमणीची लांबलचक सावली रुळांवर आडवी पडली होती आणि रूळ मोजताना त्या सावलीत त्यांना जरा गारवा मिळाला होता. सकाळचं ऊन पूर्वेचं. उत्तरेकडे तोंड केलं तर पूर्व उजव्या हाताला येते. म्हणजे चिमणी उजवीकडेच असली पाहिजे.

निघताना त्यांनी स्वयंपाक्याला सहज विचारलं, "बायको-मुलं कुठे आहेत तुमची?"

"तिकडेच."

"त्यांना इकडे आणायचं कुणी कबूल केलंय का?"

स्वयंपाक्यानं दाराकडे पाहिलं. मग बाईंकडे. त्यानं दोन्ही हात जोडले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

३

साक्ष घेण्याआधी या तिघांना भेटलेली माणसं तीनच होती. स्वतः भावजी, सरहद्दीवर त्यांना ताब्यात घेणारे कर्नल, आणि साक्ष त्यांच्या लिपीत लिहून देणारी एक मुलगी. खात्यात तिला सगळे लिपीवाली म्हणत. तिचा जन्म सरहद्दीपलीकडचा.

कर्नल पहिल्या मजल्यावरच्या खोलीत पाय पसरून शेजारच्या देशाचं वर्तमानपत्र वाचत बसले होते. पेन्सिलीनं कोडं सोडवणं चालू होतं.

"शत्रूचा पेपर?" बाई म्हणाल्या.

"बातम्या सगळ्या थापा. पण शब्दकोडं आपल्यापेक्षा बरं असतं." त्यांनी मान वर केली नाही. "या तिघांना मी पकडलं, खायला घातलं, इकडे पाठवलं. पुढचं तुमच्या दिरांना विचारा."

"तुम्हाला युद्ध हवंय?"

"मला हुकूम हवा असतो. कुठला का असेना." मग त्यांनी पहिल्यांदाच बाईंच्या डोळ्यांत पाहिलं, आणि ती नजर त्यांना गार पाण्यासारखी लागली. "जिना जपून चढा, बाई. या इमारतीत जास्त प्रश्न विचारणाऱ्यांचे पाय घसरतात."

ही धमकी होती की सूचना, ते कळेना. बाई कठड्यापासून लांब, भिंतीला अंग घासत दुसऱ्या मजल्यावर चढल्या. तिथे भावजी उभे होते.

"काही अडलंय का, वहिनी?"

बाईंनी चिमणीचं सांगितलं. आपलं माणूस, लपवायचं काय? भावजी जरा हसले आणि त्यांनी शेजारची खोली उघडली. आत खालून दिवा लावलेलं काचेचं टेबल होतं. खणातून त्यांनी विमानातून घेतलेल्या फोटोची मोठी फिल्म काढली, एक्स-रे असते तशी. कोपऱ्यात खात्याची कागदी चिठ्ठी चिकटवलेली होती, त्यावर आपल्या अक्षरांत क्रमांक. चिठ्ठी वाचता येईल अशा बेतानं त्यांनी फिल्म काचेवर ठेवली आणि दिवा लावला.

"घ्या. स्वतःच बघा."

बाई वाकल्या. फाटक, रूळ, छपरावर रंगवलेली, बाईंनाही न वाचता येणारी तिकडची मोठाली अक्षरं. पाण्याची टाकी उजवीकडे.

चिमणी डावीकडे.

"वय झालं की आठवणीसुद्धा बाजू बदलतात," भावजी हळूच म्हणाले आणि त्यांनी दिवा मालवला. "संध्याकाळपर्यंत सही हवीय."

४

बाई बाथरूममध्ये जाऊन नळाखाली मनगटं धरून उभ्या राहिल्या. आठवण चुकली असेल का? चुकतही असेल. घरात चष्मा डोळ्यांवर असताना त्या चष्मा शोधतात. पण सावलीचा तो गारवा? तो अजून दंडावर होता.

दार ढकलून लिपीवाली आत आली. बाईंना पाहून ती परत वळली.

"थांब ग," बाई म्हणाल्या. "मी काय खाते का तुला?"

"मला कुणाशी बोलायचं नाही."

"मास्तरांशी तरी बोलायचीस ना?"

मुलीचा चेहरा एकदम उतरला. तिनं सगळे नळ सोडले, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये, आणि भिंतीला टेकून भडाभडा बोलायला लागली.

"मास्तर मला म्हणायचे, पोरी, परीक्षेत बरोबर उत्तर तिघांचं सारखं आलं तर काही सिद्ध होत नाही. ते खरंच असतं, म्हणून सारखं येतं. पण तिघांची चूक सारखी आली, की तिघांनी एकाच ठिकाणाहून उतरवलंय, हे पक्कं. काल त्यांनी मला फिल्मच्या खोलीत नेलं. म्हणाले, छपरावरची अक्षरं वाचून दाखव. मी म्हटलं, वाचू कशी? ही आरशात दिसतात तशी आहेत. फिल्म पालथी आहे."

"पालथी?"

"चिठ्ठीच उलट्या बाजूला चिकटवलीय कुणीतरी. चिठ्ठी सुलट धरली की चित्र उलटं होतं. मास्तरांनी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या. आणि मग पांढरेफटक पडले. म्हणाले, मी आत्ता वर जाऊन सांगतो." तिनं दाराकडे पाहिलं. "ते वर गेले आणि..."

"हे तू कुणाला बोलली नाहीस?"

"माझा जन्म कुठला, बाई? मी तोंड उघडलं तर मलाच हेर म्हणून डांबतील."

बाईंनी नळ बंद केले. मुलीवर विश्वास ठेवायचा का? ती सरहद्दीपलीकडची. खोटं बोलायला तिच्याकडे कारण होतं. पण तिच्या सांगण्याची आणि बाईंच्या आठवणीची आजवर गाठ पडलेली नव्हती. दोघींनी एकत्र बसून कधी चहासुद्धा घेतला नव्हता. खऱ्या अर्थानं स्वतंत्र अशा साक्षी या दोनच होत्या, आणि त्या जुळत होत्या.

आणि मग पुढचा विचार आला. तिघांना ज्यानं पढवलं, त्यानं या फिल्मवरून पढवलं. फिल्म पालथी आहे हे त्याला कळलं नाही. छपरावर एवढी मोठी अक्षरं उलटी दिसत असताना कळलं नाही. म्हणजे त्याला ती अक्षरं वाचता येत नव्हती. लिपीवालीला वाचता येतात. कर्नल तर त्या लिपीत कोडी सोडवतात.

उरलं कोण?

दारावर टकटक झाली. शिपाई बाहेरूनच म्हणाला, "बाई, मोठ्या साहेबांनी वर बोलावलंय. सही करायला. एकट्याच या म्हणाले."

५

भावजी चौथ्या मजल्यावर बसायचे. पण बाई वर न जाता खाली उतरल्या आणि कर्नलांच्या दारात उभ्या राहिल्या. सकाळपासून ज्या माणसाची सर्वांत जास्त धास्ती वाटली, त्याच्याकडेच आता जायचं होतं. मनाला ते पटत नव्हतं, पण हिशेब तेच सांगत होता.

"माझ्याबरोबर वरपर्यंत याल का?"

"का? घाबरलात?"

"हो," बाई म्हणाल्या.

कर्नलांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते उठले. दुसऱ्या मजल्यावर बाई थांबल्या. खणातून फिल्म काढून त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, चिठ्ठी वाचता येईल अशी.

"ही फिल्म तुम्ही पाहिली होती?"

"नाही. मला खात्यानं काढलेला नकाशा दाखवला." कर्नल पुढे झुकले आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "हे तुम्ही पालथं धरलंय."

"चिठ्ठी तर सुलट आहे."

त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं. मग काही न बोलता त्यांनी टोपी काढून काखेत धरली. पुढचे दोन मजले ते जिन्याच्या कठड्याच्या बाजूनं चालले आणि बाईंना त्यांनी भिंतीकडून चालवलं.

भावजी टेबलामागे बसले होते. समोर कागद, त्यावर पेन. कर्नलांना पाहताच त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

"वहिनी, मी एकट्यांना—"

"मास्तरही एकटेच आले होते." बाई म्हणाल्या. "भावजी, त्या तिघांपैकी कुणीही त्या आवारात पाऊल ठेवलेलं नाही. तिघांना चिमणी भलत्या बाजूला दिसली, आणि ती भलत्या बाजूला फक्त या फिल्मवर आहे. तुम्ही त्यांच्या साक्षी चांगल्या शिवल्या होत्या. एकाला मुखवटे दिलेत, एकाला वास, एकाला केबली. पण आवाराचा नकाशा तिघांना एकच दिलात. त्या मुलीनं शिकवला असता तर सुलट शिकवला असता. कर्नलांनीही. अक्षरं न ओळखणारा माणूस एकच आहे."

"अंदाज आहे तुमचा."

"सकाळपर्यंत अंदाजच म्हटलं असतं. पण मास्तरांनी सांगितल्यावर फिल्म पालथी आहे हे तुम्हाला कळलं होतं. तरी आज मला ती पालथीच दाखवलीत. आणि वर म्हणालात, वहिनी, वय झालं."

भावजींनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"एक खबर होती," ते शेवटी म्हणाले. "खरीखुरी. तिकडच्या एका माणसानं पाठवलेली. त्या कारखान्याखाली काहीतरी चाललंय, एवढंच त्यात होतं. मग तो माणूस गप्प झाला. मी वर सांगितलं. ते म्हणाले, एकाच्या सांगण्यावर युद्ध होत नसतं, साक्षीदार आणा. रोज रात्री डोळे मिटले की मला बाब्या दिसायचा, वहिनी. तोंडाला फेस आलेला. ते पळून आलेले तिघं बिचारे कशालाही हो म्हणत होते. मी खोटं रचलं नाही हो. जे खरं आहे त्याला फक्त माणसं मिळवून दिली."

"खरं आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

भावजींनी समोरचा कागद पालथा घातला.

"आणि मास्तर?" कर्नलांनी विचारलं.

"ते फिल्म घेऊन निघाले. मंत्र्यांकडे जातो म्हणाले. मी जिन्यात गाठलं. म्हटलं, मतदान होईपर्यंत थांबा, हवं तर पाया पडतो. ते सोडेनात. मी फिल्म ओढत होतो, ते ओढत होते. ओढताओढता ते कठड्याच्या खालच्या दांडीवर चढले आणि त्यांचा तोल पलीकडे गेला." त्यांनी स्वतःच्या पंजांकडे पाहिलं. "मला फिल्म सोडून त्यांना धरता आलं असतं. मी फिल्म धरली."

कर्नल टेबलाशी गेले आणि त्यांनी फोन उचलला.

६

मतदान झालं नाही. मंत्र्यांनी सभागृहात चार ओळी वाचल्या की काही माहितीची फेरतपासणी चालू आहे. भावजींना त्याच दिवशी घेऊन गेले. तिघा साक्षीदारांना कुठे नेलं ते बाईंना कुणी सांगितलं नाही. स्वयंपाक्याच्या बायको-मुलांचं त्यांनी दोनदा विचारलं, तर समोरचा माणूस घड्याळाकडे पाहायला लागला.

एका दुपारी दाराची घंटा वाजली. जाऊबाई उभ्या होत्या. केस विंचरलेले नव्हते, चपला दोन वेगळ्या जोडांच्या. बाईंना वाटलं, आता ही शिव्या देईल. दिल्या तर ऐकून घ्यायच्या, असं मनाशी ठरवून त्यांनी तिला आत घेतलं.

जाऊ खुर्चीच्या टोकावर बसली. पाणी दिलं ते तिनं घेतलं नाही.

"माझं घर मोडलंत, ते मोडलंत," ती म्हणाली. "मास्तरांच्या बायकोचं यांनी मोडलं. त्याबद्दल मी बोलायला आले नाही. मला एकच सांगा. तिथे तो वायू आहे की नाही?"

"त्या तिघांनी पाहिला नव्हता."

"ते पेपरात आलं. मी विचारतेय, आहे की नाही?"

गप्प झालेला तो पहिला माणूस त्यांच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हता. तो खोटा होता म्हणून गप्प झाला, की खरा होता म्हणून? रात्ररात्र त्या हेच उलटसुलट करत होत्या. साक्ष खोटी निघाली, म्हणून खबर खोटी ठरत नव्हती. आपण युद्ध टाळलं, की बाब्याला तिथे उघड्यावर ठेवलं?

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

जाऊनं पर्समधून मोबाईल काढला, नंबर लावला आणि तो बाईंच्या हातात कोंबला.

"मग हे त्याला सांगा. रोज मला विचारतोय, आई, तिकडे आहे का ग खरंच काही? मी काय सांगू? तुम्ही सांगा. तुमचं तो ऐकतो."

फोन वाजत राहिला. बाईंच्या मनात आलं, म्हणावं काही नाही रे तिथे, निवांत झोप. एवढं एक वाक्य पुरलं असतं. पोरगं निर्धास्त झालं असतं, आणि ही समोर बसलेली आईसुद्धा.

"काकू?" पलीकडून आवाज आला. दमलेला, आणि अजून अगदीच कोवळा. "काकू, तूच ना?"

"मीच रे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला ते तोंडाला लावायचे मुखवटे दिलेत का? दिलेत ना? मग ते जवळ ठेव. हाताशी ठेव. आणि आता मी काय सांगते ते नीट ऐक. यातलं मला किती माहीत आहे, आणि किती माहीत नाही, ते सगळं सांगते."

जाऊनं खुर्ची ओढून जवळ घेतली आणि फोनला कान लावला.